पाण्यावरचा सरकारी रस्ता

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, भाताची कापणी उरकून खळी ओस पडली आणि वारा उत्तरेकडे फिरून समुद्र निवळला, की पालघर-बोईसरच्या मुलखात एकेका दिवसाच्या सहलींचे बेत सुरू होतात. तारापूरच्या कारखान्यांत आठवडाभर यंत्रांचा घोष ऐकणारा कामगार, बोईसरच्या नाक्यावर रिक्षांच्या आणि मालमोटारींच्या कर्ण्यांनी हैराण झालेला दुकानदार आणि परीक्षेच्या ओझ्यातून एक रविवार मागून घेणारा विद्यार्थी या सर्वांच्या मनात एकच इच्छा असते, ती ही की जेथे मोटार येऊच शकत नाही अशा एखाद्या ठिकाणी सकाळी जावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. मुरबे गावातील एका मंडळीत हाच विषय निघाला असता कोणी तरी साहजिकच घारापुरीचे नाव घेतले. आणि त्या निमित्ताने मनात जे विचार आले, ते सहलीपुरते न राहता सरकारदरबारापर्यंत जाऊन पोहोचले, म्हणून ते येथे मांडतो.

घारापुरीची थोरवी मी कमी लेखत नाही. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेली ती लेणी, अठरा फुटांच्या सुमारास उंच असलेली सदाशिवाची ती त्रिमुखी मूर्ती आणि १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत मिळालेले स्थान यांबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु मुरब्याहून निघणाऱ्या कुटुंबाला आधी पालघर किंवा बोईसर गाठावे लागते, तेथून चर्चगेटपर्यंत नव्वद-शंभर किलोमीटरचा आगगाडीचा प्रवास करावा लागतो, मग अपोलो बंदरावरच्या रांगेत उभे राहून तासाभराची लाँच पकडावी लागते, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे विसरल्यास एवढा खटाटोप व्यर्थ जातो. बेटावर पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नसल्याने परतीच्या लाँचची वेळ डोक्यावर टांगलेलीच राहते. एवढा वेळ डब्यात आणि रांगेत घालवून शांतता शोधावयास जाणे मला तरी व्यस्त वाटते. विशेषतः आपल्याच पालघर जिल्ह्यात, वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याचे बेट असताना.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत जेथे पाऊल लागते त्या या बेटावर मोटार नेण्याची सोयच नाही. कोळी बांधवांची दाट वस्ती, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडी, जाळी विणणारे हात आणि या सर्वांच्या पलीकडे उभा असलेला चौरस, काळाभोर जंजिरा असे त्याचे रूप आहे. गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत येथे पहिली गढी झाली, पुढे पोर्तुगीजांनी ती घेतली. आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या आरंभी, १७३७ साली, मराठ्यांनी हे ठाणे जिंकून आजचा किल्ला नव्याने उभारला. उत्तरेकडच्या महाद्वारावर हत्ती आणि वाघ कोरलेले असून बाजीरावाचे आणि त्याच्या आज्ञेने काम पाहणाऱ्या शंकराजीचे नाव असलेला शिलालेख अद्याप वाचता येतो. भैरव, भवानी आणि बाबा ही बुरुजांची नावे. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ, त्याच्या पुढे अष्टकोनी तळे आणि त्या तळ्यात चारी बाजूंनी खारा समुद्र असताना गोडे पाणी. तटाच्या आत भाजीपाल्याचे वाफे, दत्ताच्या पादुका आणि मुसलमान साधूंच्या कबरी. १७८० च्या डिसेंबरात वसई पडल्यावर पुढच्याच महिन्यात इंग्रजांच्या जनरल गॉडार्डने हा किल्ला घेतला आणि साल्बाईच्या तहाने तो परत मराठ्यांकडे आला, तो १८१७ साली पुन्हा इंग्रजांकडे जाईपर्यंत. भारतीय नौदलाने १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे जी पाणबुडीविरोधी नौका सेवेत घेतली तिला ‘अर्नाळा’ हे नाव दिले ते याच किल्ल्यावरून. नौकेचे नाव देशभर गाजले, आणि ज्या बेटाचे ते नाव, तेथील माणूस मात्र ओहोटीच्या वेळी चपला हातात घेऊन पाण्यातून चालत होडीपर्यंत जातो, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुरब्याच्या माणसाला समुद्र दाखवावयास परगावी कशाला न्यावे, असा आक्षेप घेतला जाईल. जेथल्या एका तांडेलाच्या जाळ्यात २०२१ च्या ऑगस्टमध्ये दीडशेहून अधिक घोळ मासे लागले आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये आले, त्या गावाला पाण्याचे कौतुक ते काय! परंतु समुद्राकाठी राहणारा माणूस समुद्र पाहावयास जात नसतो; दुसरे गाव समुद्राशी कसा संसार करते, हे पाहावयास तो जातो. आणि बोईसरच्या वसाहतींत उत्तर प्रदेशापासून मराठवाड्यापर्यंतची जी कुटुंबे येऊन राहिली आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांनी दहा किलोमीटरांवर समुद्र असूनही होडीत पाय ठेवलेला नाही.

आता बेताकडे वळू. शहरातला माणूस सहलीचा दिवस रविवार पाहून ठरवितो. बेटावर जाणाऱ्याने तो पंचांग पाहून ठरवावा. आपल्या किनाऱ्यावर तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ सुमाराने निघते, हा हिशेब कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असे. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे; त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या चढउतारात साडेचार-पाच मीटरांचा फरक पडतो, म्हणजे दुमजली घराच्या पहिल्या माळ्याइतका समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि दोनदा खाली जातो. यावरून सुज्ञाने काय समजावयाचे? चतुर्थीस सकाळी नऊच्या होडीला गेलात तर पूर्ण ओहोटीत चिखल तुडवीत होडी गाठावी लागेल. द्वादशीला जाताना पाय कोरडे राहतील, पण तीन वाजता परतताना आजींना दोघांनी धरून उतरवावे लागेल. आणि पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे गेलात तर दहा वाजता चढते पाणी आणि दोन वाजता नुकतेच उतरू लागलेले पाणी, अशा दोन्ही वेळा साधतात. अष्टमीही अगदीच वाईट नव्हे, कारण भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही. तेव्हा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची एखादी पौर्णिमा धरावी हे उत्तम; मात्र मार्गशीर्षातील गुरुवार टाळावा, कारण घरातील अर्ध्या माणसांचा उपवास असताना कोळीवाड्यातील ताज्या सुरमईसमोर बसणे हे दोन्ही पक्षांस क्लेशकारक होते.

वाटेचे म्हणाल तर तीही सोपी आहे. मुरब्याहून कोणी खाडीपलीकडे जाऊन पालघर गाठील, कोणी नांदगाव-आलेवाडीच्या बाजूने बोईसरला जाईल. दोन्ही स्थानकांवर डहाणूहून येणारी लोकल मिळते. ही उपनगरी सेवा डहाणूपर्यंत आली २०१३ च्या एप्रिलमध्ये, आणि पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. यांपैकी प्रवाशाच्या आयुष्यात अधिक फरक कशाने पडला, हे फलाटावर उभ्या असलेल्या कोणासही विचारावे. गाड्या मात्र अजून विरळ आहेत, कारण विरारच्या उत्तरेस दोनच रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल या सर्वांना नांदावे लागते आणि चौपदरीकरणाचे काम चाललेलेच आहे. तेव्हा वेळापत्रक पाहून निघावे. विरारला पश्चिमेस उतरून एसटीने किंवा रिक्षाने आगाशीवरून अर्नाळा.

ज्याला आगगाडीपेक्षा पाण्याची आवड अधिक, त्याच्यासाठी दुसरी वाट २०२५ च्या एप्रिलपासून खुली झाली आहे. सफाळ्याच्या बाजूस जलसारजवळच्या खारवाडेश्री येथून वैतरणेच्या पलीकडे विरारच्या नारिंगी-मारंबळपाड्यापर्यंत रोरो नौका सुरू झाली आणि रस्त्याने साठ किलोमीटरांच्या आसपास पडणारा वळसा पंधरा मिनिटांवर आला. त्याच्या आधी, २०२४ च्या फेब्रुवारीत, वसई-भाईंदर यांमधील खाडीवर अशीच नौका चालू झाली होती. ज्या किनाऱ्यावर एके काळी गलबतांतून मीठ, लाकूड आणि भात जात असे, तेथे पाण्याच्या वाटेचे पुनरुज्जीवन होत आहे, याचे स्वागत कोण करणार नाही? परंतु या स्वागताच्या भरातच एक धोका आहे. खाडीवरची रोरो यशस्वी झाली, की उद्या कोणी उत्साही पुढारी अर्नाळ्याच्या बेटावरही मोटारी नेणारी नौका, आणि परवा पूल, मागितल्याखेरीज राहणार नाही. आणि बेटावरील माणसांचे हाल पाहिले म्हणजे त्या मागणीला विरोध करणारा हा कोण शहाणा, असेही विचारले जाईल.

हा प्रश्न रास्त आहे. मोटार नसलेले ठिकाण ही पाहुण्याची चैन असते. तेथल्या रहिवाशाची ती पुष्कळदा शिक्षा असते. सकाळी दहाला येऊन दुपारी दोनला परतणाऱ्या मला होडीची अर्धा तास वाट पाहणे हा निसर्गसौंदर्याचा लाभ वाटतो. कळा सुरू झालेल्या बाईला, बारावीच्या परीक्षेस निघालेल्या मुलाला, टोपलीतील बर्फ वितळण्याआधी बाजार गाठू पाहणाऱ्या कोळिणीला तोच अर्धा तास कसा वाटत असेल? पाहुणा पावसाळ्यात येत नाही. रहिवाशाला पावसाळ्याची रजा नसते. त्यातच समुद्र वर्षानुवर्षे बेटाची कड खात आला आहे आणि किनाऱ्यालगतची घरे त्याच्या पोटात गेली आहेत.

आणि अर्नाळ्याचे तरी नाव झाले आहे. पालघर तालुक्यातच, वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या मध्ये, वैतरणा नदीच्या दोन पात्रांच्या कवेत वाढीव नावाचे गाव आहे. तेथील लोकांचा जवळचा रस्ता म्हणजे ९२ आणि ९३ क्रमांकांचे रेल्वेपूल. ज्या पुलांवरून गुजरातकडे आणि दिल्लीकडे वेगवान गाड्या धावतात, त्यांच्या रुळांच्या कडेने शाळेची मुले आणि बाजारहाट करणारी माणसे चालतात आणि काहींचे जीव त्या वाटेवर गेले आहेत. नायगाव आणि भाईंदर यांच्या दरम्यान पाणजू बेट आहे; त्याच्याही बाजूने रेल्वेचे पूल जातात, आणि २०२५ साली तेथल्या एका तरुणाचा अंत, तो पुलावरून चालत असताना धावत्या गाडीतून कोणी तरी खाडीत भिरकावलेला नारळ लागून झाला. वरुणाला अर्पण करावयाचा नारळ माणसाच्या मस्तकावर पडावा, एवढी ज्या गावाची वाट चुकलेली आहे, तेथे जाऊन मोटारींच्या अभावाची स्तोत्रे गाणे शोभत नाही.

मग मोटारी न्याव्यात काय? माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते केवळ सौंदर्याच्या लोभाने नव्हे. अर्नाळ्याच्या बेटावरचे रस्ते म्हणजे घरांमधल्या गल्ल्या. तेथे मोटार आली म्हणजे तिला उभे राहावयास जागा लागणार, ती जागा जाळी पसरण्याच्या आणि मासळी वाळविण्याच्या खळ्यांतून निघणार, आणि मागोमाग ती जागा विकत घेणारेही येणार. समुद्राने एका बाजूने कुरतडलेले बेट दुसऱ्या बाजूने मोटारीच्या तोंडी देण्यात कोणाचे हित आहे? अमेरिकेत मिशिगन राज्यातील मॅकिनॉ बेटाने १८९८ सालीच मोटारींना मज्जाव केला, तो आजतागायत मोडलेला नाही. घोडागाड्या, सायकली आणि नियमित नौका यांवर तेथील व्यवहार चालतो. ग्रीसमधील हायड्रा बेटावर सामान खेचरांवरून जाते. या दोन्ही ठिकाणी बंदी टिकली, कारण बेटाला जगाशी जोडणारी नौका वेळेवर आणि भरवशाची होती. नौका बेभरवशाची असती तर तेथील लोकांनीही पूलच मागितला असता, आणि त्यात त्यांचे काय चुकले असते?

आपल्याकडे या बाबतीत माथेरानचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही याचा आपल्याला केवढा अभिमान! पण मोटार गेली नाही म्हणून ओझे नाहीसे झाले नव्हते. ते हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर आले होते. २०२२ च्या डिसेंबरात तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला, माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत सहा महिन्यांत बंद करा, असा हुकूम द्यावा लागला. घारापुरीच्या शंभरावर पायऱ्या चढून जाण्याचे ज्यांना जड जाते त्यांना डोलीवाले खांद्यांवरून नेतात; आणि त्या बेटावरच्या तीन वाड्यांना समुद्राखालून तार टाकून वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, मुंबईचा झगमगाट रोज रात्री डोळ्यांसमोर असताना. मोटार नसण्याची किंमत कोणी तरी देतच असतो. प्रश्न एवढाच, की ती बेटावरच्या गरिबाने एकट्याने द्यावी की सरकारी तिजोरीने.

येथे मूळ मुद्दा येतो. डांबरी रस्ता झाला की त्याची डागडुजी सरकार करते. खड्डा पडला तर वर्तमानपत्रे ओरडतात, आमदार विधिमंडळात विचारणा करतो. त्या रस्त्यावर चालण्याचे भाडे गावकऱ्याकडून कोणी मागत नाही. परंतु तोच रस्ता पाण्याशी येऊन थांबला, की पलीकडचा तुकडा हा रस्ता न राहता उत्पन्नाची बाब होतो. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींसाठी कायदा झाला तेव्हापासून सरकारी तरीचा मक्ता द्यावयाचा, मक्तेदाराने उतारूंकडून भाडे घ्यावयाचे आणि सरकारने त्यातून आपली रक्कम वसूल करावयाची, ही वहिवाट पडली. इंग्रज सरकार तर ही जकातीची बहीण समजत असे, त्याला आपला इलाज नव्हता. पण बंदरखाते जाऊन १९९६ साली महाराष्ट्र सागरी मंडळ आले, इलाख्याचे राज्य झाले, ठाण्याचे पालघर झाले. दप्तरातली ही समजूत मात्र बदलली नाही.

याचा परिणाम कसा होतो तो एका उदाहरणाने दाखवितो. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धे भाडे पडते आणि पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे. अर्नाळ्याहून विरारला जाणाऱ्या एसटीत बेटावरच्या कोळिणीला ही सवलत मिळते. पण त्याच प्रवासाचा पहिला तुकडा, म्हणजे बेटापासून किनाऱ्यापर्यंतचे पाणी, तिला पूर्ण भाडे देऊन ओलांडावे लागते. तिच्या सासूला एसटी फुकट आणि होडीला मात्र पैसे. रस्त्याचा जो तुकडा सर्वांत अवघड, तेथेच सरकारची सावली संपते. होडीवाल्याला यात मी दोष देत नाही. डिझेल त्याला कोणी फुकट देत नाही आणि एकाच फेरीत चाळीस माणसे येतील की चार, हे त्याच्या हाती नाही. दोष आहे तो पाण्याला रस्ता न मानणाऱ्या धोरणाचा.

आणि जेथे फेरीचा खर्च केवळ उतारूंच्या संख्येवर भागवावयाचा असतो, तेथे उतारूंची संख्या वाढविण्याचा मोह सुटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील कित्येक घरांत त्या दिवशीची अमावास्या अजून विसरलेली नाही. त्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. त्यात चूक लाँचची नव्हती. परंतु लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती आणि बुडणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते, हेही खरे. अपघातानंतर जाकिटे सक्तीची झाली. अपोलो बंदरावर ती सक्ती पोलिसांच्या नजरेखाली चालते. लहान किनाऱ्यावर ती नजर कोठून येणार? म्हणून मुरब्याहून निघणाऱ्या मंडळींना माझे सांगणे असे, की होडीत बसल्यावर जाकीट मागावे, लाजू नये, आणि होडी भरलेली दिसली तर पुढच्या फेरीस जावे. दहा मिनिटांच्या पाण्याला काय घाबरावयाचे, असे म्हणणाऱ्याला सांगावे की वैतरणेच्या मुखाशी ओहोटीची ओढ दहा मिनिटे मोजीत नसते.

पैशाची सबब येथे चालणार नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी याच पालघरात वाढवण बंदराची कोनशिला बसली. त्याचा खर्च ७६ हजार कोटींच्या वर आहे. मुरब्याच्याही किनाऱ्यावर खाजगी बंदराची तजवीज चालली असून मच्छीमारांचा तिला विरोध आहे. त्या बंदरांचे गुणदोष हा वेगळ्या लेखाचा विषय. मात्र ज्या किनाऱ्यावर महासागरांतून येणाऱ्या जहाजांसाठी खोल धक्के बांधावयाचे ठरते, त्याच किनाऱ्यावर पाच हजार वस्तीच्या आतील बेटाच्या होडीसाठी भरती-ओहोटीला सारखाच उपयोगी पडेल असा एक धक्का पूर्ण करून तो राखणे सरकारला अशक्य आहे, हे कोणी पटवून देऊ नये. भरतीबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का ही काही विलायतेची अपूर्वाई राहिलेली नाही. मांडव्याला उतरणाऱ्या मुंबईच्या हौशी प्रवाशांनी तो पाहिलेला आहे. अलिबागेच्या बंगल्यांकडे जाणाऱ्यास जे मिळते ते अर्नाळ्याच्या कोळिणीस का मिळू नये?

आता जिल्हा परिषदेने आणि सागरी मंडळाने काय करावे ते स्पष्ट मागतो. अर्नाळा, पाणजू आणि अशा प्रत्येक वस्तीची तर ही जिल्हामार्गांच्या यादीत घालावी आणि तिच्या फेऱ्यांची तूट रस्त्याच्या डागडुजीच्या रकमेतून भरावी. एसटीच्या सवलती होडीला लागू कराव्यात. किनाऱ्यावर एक फलक लावावा व त्यावर त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पहिली आणि शेवटची फेरी, भाडे आणि होडीत किती माणसे बसविण्याचा परवाना आहे तो आकडा मराठीत लिहावा. हा फलक लावण्यास फारसा खर्च येत नाही, आणि तेवढ्याने निम्मी सहल बेताने होते. सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्या पाहुण्यांची झुंबड उडते तेव्हा होडीत पहिला हक्क बेटावरच्या माणसाचा राहील असा नियम करावा आणि पाहुण्याकडून चार पैसे जास्त घ्यावेत. मला ते देण्यात कमीपणा वाटणार नाही. वाढीवचे तर होडीवरही भागणार नाही. तेथे रेल्वेच्या पुलालगत पादचाऱ्यांसाठी सुरक्षित वाट हाच उपाय, आणि तो रेल्वेने व राज्याने एकमेकांकडे बोट न दाखविता करावयास हवा. आणि एवढे झाल्यावर, बेटावर मोटार येणार नाही, असा ठराव अर्नाळा किल्ला ग्रामपंचायतीने स्वतः करावा. बाहेरच्याने तो त्यांच्यावर लादू नये.

ज्यांना यंदाच्या हिवाळ्यात जावयाचे आहे त्यांनी मात्र या सुधारणांची वाट पाहत बसू नये. पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरावा, सकाळची लोकल पकडावी, नऊच्या सुमारास अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर असावे. पिण्याचे पाणी आणि डोक्याला टोपी बरोबर न्यावी. प्लॅस्टिकच्या बाटल्या बेटावर टाकून येऊ नये, कारण तेथील कचरा पुन्हा होडीनेच बाहेर न्यावा लागतो. किल्ल्याचा तट चढून त्यावरून एक फेरी मारावी, दक्षिणेकडे सुटा उभा असलेला गोल बुरूजही पाहावा. मासळी वाळत घातलेल्या खळ्यांवरून चालू नये, आणि घरांसमोर छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. जेवण बेटावरच, आगाऊ सांगून घ्यावे, म्हणजे सहलीचे चार पैसे तेथेच राहतील. परतताना सुके बोंबील तेथून आणि सुकेळी आगाशीहून घ्यावीत. शेवटच्या होडीची वेळ उतरल्या उतरल्याच तांडेलाला विचारून ठेवावी, आणि फलक का नाही, हेही त्याला न विचारता घरी आल्यावर सागरी मंडळाला पत्र लिहून विचारावे.